कात्रज ते सिंहगड आणि आजोळच्या ट्रंकेतील मोडी

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एकाच हिवाळ्यात, मी दोन गोष्टी हाती घेतल्या. एक म्हणजे कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक, आणि दुसरी म्हणजे आजोळच्या ट्रंकेत सापडलेले, मोडी या जुन्या मराठी लिपीतील कागद स्वतः वाचण्याचा निश्चय. पहिलीचा दुसरीशी संबंध असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

जुन्या कात्रज बोगद्यापासून वर चढून वाघजाईच्या देवळाशी आले की पश्चिमेला, अगदी समोर असल्यासारखा, सिंहगडावरील मनोऱ्याचा लाल दिवा दिसतो. पहिल्या खेपेला मी त्या दिव्याकडे पाहत निघाले आणि तीच चूक ठरली. या वाटेवर बारा-तेरा टेकड्या आहेत (मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो) आणि प्रत्येक टेकडी चढून कमावलेली उंची पुढच्या खिंडीत उतरताना जवळजवळ पूर्ण गमवावी लागते. दोन तास चालूनही दिवा तेवढाच दूर. मुरमाच्या घसाऱ्यावर दोनदा बसकण मारल्यावर मी इतकी हिरमुसले की आमच्या गटातील ज्येष्ठ काका म्हणाले, "ताई, दिवा कुठे पळून जात नाही. बॅटरीचा उजेड पडतो तेवढीच वाट बघा."

त्या रात्री आम्ही अर्ध्यातून परतलो. अमुक वेळेपर्यंत ठरलेली खिंड गाठली नाही तर मागे फिरायचे, हे निघण्यापूर्वीच ठरले होते. त्यामुळे थकलेल्या डोक्याने वाद घालण्याची वेळ कोणावर आली नाही. मला मात्र घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिले.

मोडीच्या वर्गात पहिले तीन महिने सुरेख गेले. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे, ही पद्धत अंगवळणी पडली आणि सरावाचे नमुने मी भराभर वाचू लागले. मग ट्रंकेतील खरा कागद उघडला. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला बहुधा घरी जायची घाई असावी! एका संध्याकाळी चार शब्द लागले. तीन महिने वाया गेले, असे म्हणून मी कागद मिटणार होते, तेवढ्यात ती खिंड आठवली. उतार हा त्याच वाटेचा भाग असतो आणि तो आधीच हिशेबात धरायचा असतो, हे पायांना कळले होते, डोक्याला नव्हते.

त्यानंतर मी कामाची रीत बदलली. रोज चाळीस मिनिटे, मूळ कागदावर नव्हे तर छायाप्रतीवर. न लागलेल्या शब्दाखाली पेन्सिलीचा ठिपका देऊन पुढे जायचे आणि वेळ संपली की ओळ अर्धी असली तरी थांबायचे. वेगही ट्रेकमधलाच ठेवला: शेजाऱ्याशी बोलताना धाप लागणार नाही इतकाच. "आज दोन तास बसू" असा उत्साह आला की पुढचे चार दिवस वही उघडली जात नसे, हे पुरेसे अनुभवले होते.

जानेवारीतील दुसऱ्या खेपेला मी दिव्याकडे फारसे पाहिले नाही. उजवीकडे पुण्याचे दिवे हळूहळू मागे पडत होते आणि पहाटे सिंहगडाच्या डांबरी रस्त्याला लागलो, तेव्हा तो इतक्या लवकर आला यावर माझा विश्वास बसेना. वर जाऊन मडक्यातले दही खाल्ले. पिठले-भाकरी व्हायला अजून वेळ होता.

कागदाचे काम त्यापेक्षा बरेच लांबले. मार्चमध्ये एका पत्राचा काळ लागला: "सबा तिसैन मया व अलफ", म्हणजे अरबी संख्याशब्दांत (सात, नव्वद, शंभर आणि हजार) लिहिलेले सुहूर सन ११९७. सुहूर ही जुन्या मराठी कागदांतील कालगणना, आणि हे साल म्हणजे इसवी सन १७९६-९७. पत्र बांधावरच्या आंब्यावरून झालेल्या भांडणाचे आहे. आंबा कोणाच्या वाट्याला गेला, ते ज्या ओळीत आहे तिच्याखाली अजून पाच ठिपके आहेत.