किराण्यातून कर्ज कसं फेडलं: आमच्या घरचा हिशेब

२०२३ ची आमच्या इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेली, त्या सुमारास आमच्यावर तीन देणी होती. सासऱ्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आदल्या वर्षी काढलेलं ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज, १४ टक्के व्याजाचं, ५ वर्षांचं, हप्ता ६,९८०. क्रेडिट कार्डावर थकलेले ८४,०००. आणि गल्लीतल्या किराणा दुकानातली ११,००० ची उधारी. नवरा इंदूरजवळच्या पीथमपूरला कारखान्यात, मी खासगी शाळेत शिक्षिका, घरात सहा माणसं. ऑपरेशननंतरची औषधं आणि कारखान्यातला बंद झालेला ओव्हरटाइम एकाच वेळी आल्यामुळे कित्येक महिने घराचं वाणसामानही कार्डावरच येत होतं.

एका रविवारी कार्डाचं स्टेटमेंट घेऊन आम्ही दोघं बसलो. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ८४,००० वर २,९४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५२९. एकूण ३,४६९. आणि आम्ही दर महिन्याला 'किमान देय' म्हणून भरत होतो ४,२००. म्हणजे मुद्दलातून जात होते फक्त ७३१ रुपये. शिवाय जुनी बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. साखर-डाळ कार्डावर घेतली की त्याच दिवसापासून व्याज सुरू. त्या दिवशी कार्ड कपाटात गेलं ते गेलंच.

पगार वाढणार नव्हता. शाळेची फी, औषधं, वीज, हप्ता यांना हात लावता येत नव्हता. उरलं खाण्यापिण्याचं. तिथे किती जातं हे आमच्यापैकी कोणालाच नीट माहीत नव्हतं, म्हणून एक महिना काहीही न बदलता फक्त लिहून काढायचं ठरवलं. वही नववीतल्या मुलीकडे दिली. दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा तिच्याकडे नोंदवायची. महिनाअखेरीस आकडा आला १९,०००. दूध ४,०००, किराणा ८,५००, भाजी-फळं ३,३००, आणि सेव-नमकीन, बेकरी, बाहेरचं खाणं मिळून ३,२००.

काटकसर म्हटली की लोक आधी डाळ, दूध, फळं कमी करतात. ते मला अजिबात पटत नाही. घरात वाढती मुलं आणि आजारातून उठलेलं माणूस असताना ताटातली डाळ पातळ करून कर्ज फेडायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आणि वहीनेही तेच दाखवलं. पैसा डाळ-तांदळात जातच नव्हता. तो जात होता तेलात, पाकिटांत आणि रोजच्या दुकानफेरीत. कोथिंबीर आणायला गेलेलं माणूस दीडशे रुपयांचं सामान घेऊन परतायचं. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपचं तर आणखी वेगळं. डिलिव्हरीचे पैसे वाचावेत म्हणून टोपलीत दोन वस्तू जास्तीच्या पडायच्या. ॲप त्याच आठवड्यात काढून टाकलं.

पण आधी दुकानाची उधारी मिटवली. हिशेबाने पाहिलं तर ती सगळ्यात शेवटी फेडायला हवी होती, तिच्यावर व्याज नव्हतं. मला मात्र ती सगळ्यात आधी हवी होती. खातं असलं की माणूस त्या दुकानाला बांधला जातो. भाव विचारायची सोय राहत नाही आणि दुसरीकडून सामान आणताना त्याच्या दारावरून पिशवी घेऊन जायचा संकोच वाटतो. अंगणात उभी असलेली जुनी स्कूटर विकली आणि ११,००० नेऊन दिले. सेठजींनी लाल वहीतलं आमचं पान काढलं, आडवी रेघ मारली, खाली 'जमा' लिहिलं आणि म्हणाले, "खाता बंद मत करो भाभीजी, घर की बात है।" मी म्हटलं, येणार तुमच्याकडेच, पण आता रोख. माणूस भला आहे. रोखीवर साखर-पोह्यांत किलोमागे रुपया-दोन रुपये त्यांनी आपणहून कमी केले.

महिन्याचं कोरडं सामान आता सियागंजातून आणायला लागलो. घाऊक बाजार असला तरी पाच-दहा किलोच्या गिऱ्हाइकाला तिथे परत पाठवत नाहीत. दोन घरांनी मिळून गेलं की रिक्षाचं भाडंही वाटून जातं. इंदूर डाळ मिलांचं शहर, त्यामुळे तुरीच्या डाळीत इथे प्रतवारीला तोटा नाही. आम्ही वर्षानुवर्षं 'फूल' ही वरची प्रत घेत होतो. दुकानदारानेच 'सवा नंबर' दाखवली. दाणा थोडा कमी उजवा, भाव कमी. घरी वरण केलं तेव्हा कोणाला फरक कळला नाही, सासऱ्यांनाही नाही, आणि वरणाच्या बाबतीत ते फार काटेकोर आहेत. मसाले अख्खे आणून घरी कुटले. पाकीटबंद आटा सोडून गहू चक्कीवर नेला.

तेलाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. सहा माणसांत महिन्याला साडेपाच-सहा लिटर सोयाबीन तेल लागत होतं. सासऱ्यांच्या डॉक्टरांनी माणशी महिन्याला अर्धा लिटर सांगितलं होतं, म्हणजे तीन. ऑपरेशन झाल्यापासून ते सांगत होते; ऐकलं मात्र कर्जामुळे. पहिल्या तारखेला साडेतीन लिटर तेल एका बरणीत काढायचं आणि महिनाभर त्यातूनच घ्यायचं. कढईतून पळी गेली, चमचा आला. पुऱ्या-भजी सणावारी. तेल घेताना मुलीला एक गोष्ट दिसली. सोयाबीनचं लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, पण शेजारी ठेवलेली, दिसायला तेवढीच दुसरी पिशवी ८०० ग्रॅमचीच होती. भाव कमी दिसत होता तो त्यामुळे. पाकिटावर आता दर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भावही बारीक अक्षरांत छापलेला असतो. तोच वाचून वस्तू उचलायची ही तिची सवय झाली, आणि बिस्किटाचे पुडे त्याच किमतीत कसे हलके होत गेलेत हेही तिनेच सगळ्यांना दाखवलं.

भाजीसाठी चोइथराम मंडी. तिथे माल कट्ट्याने आणि ढिगाने मिळतो, एका घराला तो जड जातो. आमच्या सुदामा नगरच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून रविवारी पहाटे एकाने जायचं, असं ठरवलं. कांदे-बटाट्याचा कट्टा, टोमॅटोचं क्रेट, हंगामाची पालेभाजी. परत आल्यावर आमच्या ओट्यावर चार टोपल्या मांडायच्या आणि काटा लावून वाटायचं. शेजारच्या जैन भाभी कांदा-बटाटा घेत नाहीत, त्यांच्या टोपलीत भोपळा, दोडका, मटार जास्त. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की चारही घरच्या बायका मिळून सोलून ठेवायच्या. भाजीचा खर्च ३,३०० वरून २,२०० वर आला, आणि घरात भाजी आधीपेक्षा जास्त येऊ लागली.

सेव हा इंदूरच्या घरात अवघड विषय. पोह्यांवर सेव, वरण-भातासोबत सेव, पाहुण्यांपुढे सेव. बंद केली असती तर मुलांनी आणि नवऱ्याने मिळून सगळी योजनाच मोडीत काढली असती, म्हणून बंद केली नाही. महिन्याला दोन किलो, एकदाच आणायची, डबा संपला की संपला. रविवारचे बाहेरचे पोहे-जिलबी महिन्यातून एकदा. सराफा बाजारात रात्री खायला जायची फेरी मुलांच्या वाढदिवसाला. दूध दोन लिटरांवरून पावणेदोनवर आलं, कारण दही विकत आणणं थांबलं आणि चहाच्या फेऱ्या कमी झाल्या.

दोन-तीन महिन्यांत खर्च साडेबारा-तेरा हजारांवर स्थिरावला. पण घरखर्चात वाचलेला पैसा घरातच राहिला तर महिना संपेपर्यंत तो दिसत नाही. कोणाच्या तरी लग्नाचा आहेर, गॅसची शेगडी, मुलाचे बूट, काहीतरी त्याची वाट बघतच असतं. म्हणून आठवड्याचे पैसे रोख काढून एका डब्यात ठेवायचो आणि रविवारी रात्री जे उरेल ते, चारशे असो की दीड हजार, त्याच रात्री मोबाइलवरून कार्डाच्या खात्यात भरायचो. कार्डाचं व्याज रोजच्या बाकीवर मोजतात, त्यामुळे मधेच भरलेल्या पैशाचाही उपयोग होतो. किराण्यात बचत करणारी पुष्कळ घरं मी पाहते. त्यांचं कर्ज हलत नाही ते इथेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं सुरू होत असतानाच चैत्रात गव्हाचा प्रश्न आला. माळव्यात हंगामात वर्षाचा गहू भरतात. छावणीच्या मंडीतून लोकवन आणायचा, निवडायचा, ऊन द्यायचं, एरंडेल लावून कोठीत भरायचा; सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. तीन क्विंटल घ्यायचे तर २,८०० च्या भावाने ८,४०० एकदम मोजावे लागणार होते. हंगामात घेतल्याने किलोमागे अडीच-तीन रुपये वाचतात, म्हणजे वर्षाचे साडेसातशे ते नऊशे. पण तेच ८,४०० कार्डात भरले तर जीएसटीसकट महिन्याला ३४७ रुपये व्याज वाचत होतं. वर्षाचा गव्हातला फायदा तिसऱ्या महिन्यातच वसूल. सासूबाई म्हणाल्या, "घरात गहू नाही म्हणजे काय गं?" मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि आकडे एकेक करून वाचून दाखवले. त्या वर्षी गहू महिन्याच्या महिन्याला आणला. कोठी रिकामी राहिल्याचं त्यांना फार लागलं, आणि ते मला दिसत होतं.

त्यानंतर जे झालं ते त्यांच्यामुळेच. आषाढात कार्डाची बाकी ७०,००० वर आली होती. व्याजाचे ते आकडे त्यांच्या मनात घर करून बसले असणार. एका दुपारी त्यांनी आपल्या पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, "सोन्यावर बँक किती घेते?" आमच्या बँकेत सोनेतारणाचा दर साधारण १० टक्के होता, वर्षाला. ७०,००० वर महिन्याला ५८३ रुपये. कार्डावर त्याच रकमेचे जीएसटीसकट २,८९१ जात होते. माझे हात धजत नव्हते, पण त्यांनीच माझ्या नवऱ्याला बँकेत नेलं. पाटल्या तारण ठेवल्या, कार्ड एका दिवसात शून्य केलं आणि बंद करून घेतलं.

कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की स्वस्त कर्जाने महागडं कर्ज जरूर फेडावं, पण फेडायची रक्कम दर महिन्याला बाजूला पडते आहे हे आधी काही महिने करून पाहावं आणि जुनं कार्ड बंद करावं. नाहीतर सोनंही अडकतं आणि कार्डही पुन्हा भरतं. आमचे ४,२०० आणि खाण्यापिण्यातून वाचलेले सहा-सव्वासहा हजार आता सरळ सोनेतारणात जाऊ लागले. तिथे जमेल तसं मुद्दल भरायची मुभा होती. २०२४ च्या संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत पाटल्या घरी आल्या, आणि त्या चैत्रात गहूही भरला. तेव्हा हिशेब उलटा झाला होता. व्याज कमी, म्हणून हंगामाची खरेदी फायद्याची. तीनऐवजी साडेतीन क्विंटल घेतला.

राहिलं बँकेचं कर्ज. त्यात साधारण १,९५,००० बाकी होते आणि आमच्याकडे हप्त्याखेरीज दहा हजार महिन्याला मोकळे होते. आमच्या बँकेत पहिल्या १२ हप्त्यांनंतर वर्षातून दोनदाच जादा रक्कम भरता येत होती, वर शुल्क. ते शुल्क वजा करूनही फायदाच होता. मधल्या काळात ते दहा हजार वेगळ्या खात्यात टाकायचो, ज्याचं एटीएम कार्ड आम्ही घेतलंच नाही. जादा रक्कम भरताना बँक विचारते, हप्ता कमी करू की मुदत? आम्ही दोन्ही वेळा मुदत कमी करून लेखी घेतली. हप्ता कमी केला असता तर ते सुटलेले पैसे पुन्हा घरखर्चात मुरले असते. २०२७ मध्ये संपणारं कर्ज २०२५ च्या दिवाळीआधी संपलं.

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम झालं असं नाही. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला लेखी मागून घेतला आणि काही आठवड्यांनी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा, अहवाल काढला. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. कार्ड आणि कर्ज दोन्हींपुढे 'क्लोज्ड' लिहिलंय ना हे बघायचं, 'सेटल्ड' नाही, कारण 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण न फेडता तडजोड केली असा अर्थ लागतो. आमचं बरोबर होतं. आता हप्त्याच्या तारखेलाच तेवढी रक्कम मुलीच्या कॉलेजसाठी आवर्ती ठेवीत जाते. चार घरांची रविवारची मंडी चालूच आहे, यंदा पाचवं घर आलंय. तेल साडेतीन लिटरच. तूप तेवढं मी वाढवलं, दाल-बाफल्यांवर ते कमी पडत होतं.