कोपराच्या दोन खुंट्या

नकोशा माणसाला कोपरापासून नमस्कार आणि जवळच्याला कोपरखळी, एवढं कोपर आपल्या भाषेत आहे. पण त्याच्या दोन्ही अंगांना जे टणक उंचवटे लागतात, त्यांना मात्र आपण धड नावही दिलेलं नाही. शरीरशास्त्र त्यांना एपिकॉन्डाइल म्हणतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधारण 'गाठीवरची गाठ'.

हात काटकोनात वाकवून चाचपून बघा. अंगाकडचा उंचवटा ठसठशीत लागतो, बाहेरचा जरा बुटका. दोन्ही दंडाच्या हाडाचे. आपण टेबलावर टेकवतो ते मागचं टोक मात्र पुढच्या हातातल्या हाडाचं. हात सरळ केला की हे तिन्ही बिंदू एका ओळीत येतात, वाकवला की त्यांचा त्रिकोण होतो. कोपर निखळलं तर हा त्रिकोण विस्कटतो. दंडाचं हाड सांध्याच्या जरा वर मोडलं तर तो शाबूत राहतो. एक्स-रे काढण्याआधीच बोटांना कळणारी ही गोष्ट.

खरं तर या खुंट्या आहेत. मनगट आणि बोटं हलवणारे बरेच स्नायू इथे टांगलेले असतात: आतल्या खुंटीवर मनगट तळव्याकडे वाकवणारे, बाहेरच्या खुंटीवर ते वर उचलणारे. सांधा दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे अस्थिबंधही इथूनच निघतात. काम बोटांचं आणि ओढ कोपराला, असा हा मामला.

त्यातही जास्त कुरकुरते ती बाहेरची खुंटी. तिच्या खाली दोन बोटं ठेवून मूठ आवळा. मूठ मिटायची असली तरी मनगट उचलणारे स्नायू तिथे टणक होतात. आता मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ आवळायचा प्रयत्न करा. पकडीत जोरच येत नाही. म्हणजे कपडे पिळा, स्क्रू फिरवा नाहीतर खुर्ची उचला, दर वेळी हे स्नायू राबतातच. नखाएवढ्या जागेवर ही ओढ पडत राहिली की कंडरेचे, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचे, तंतू झिजतात, आणि झीज भरून यायच्या आत पुन्हा काम सुरू होतं. याला टेनिस एल्बो म्हणतात, पण तो होणाऱ्या बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेली नसते. भरलेली पिशवी तळवा खाली ठेवून उचलताना कळ येते आणि तळवा वर करून उचलताना येत नाही, तर संशय इथेच घ्यावा.

इंजेक्शनचा मोह पडतो. स्टेरॉइडने काही आठवडे छान वाटतं, पण वर्षभराने बघितलं तर ते न घेतलेलेच बरेचदा बरे असतात. त्यापेक्षा कंटाळवाणा व्यायाम बरा. पुढचा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, हातात अर्धा किलो वजन. दुसऱ्या हाताने मनगट वर आणायचं, मग आधार काढून चार-पाच सेकंदांत सावकाश खाली सोडायचं. असं पंधरा वेळा, तीन फेऱ्या, निदान सहा ते बारा आठवडे. थोडं दुखलं तर चालतं; दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर वजन कमी करायचं. पट्टा लावायचाच असेल तर उंचवट्याच्या दोन बोटं खाली, स्नायूवर. बरेच जण तो नेमका हाडावर आवळतात.

आतल्या खुंटीची गोष्ट वेगळी. वाढत्या वयात ती मूळ हाडाशी कूर्चेने जोडलेली असते, आणि पक्की जुळायला किशोरवय सरत येतं. त्यामुळे मूल हातावर जोरात पडलं तर कधी कधी अस्थिबंध तुटत नाही, खुंटीच उपटून येते.

याच खुंटीमागच्या खोबणीतून, कातडीच्या अगदी खालून, एक नस (रक्ताची नव्हे, संवेदनेची) जाते. कोपर आपटल्यावर करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात वीज चमकते ती हिचीच. कोपर घट्ट दुमडून झोपलं की ही नस ताणली जाते आणि पहाटे करंगळी बधिर लागते. अशा वेळी झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळावा, म्हणजे हात फार दुमडत नाही. सकाळी तो टॉवेल पायथ्याशी सापडतो, हा भाग निराळा.