अण्णांचा डावा पाय

आमच्या अण्णांनी ३१ वर्षं एसटी चालवली, सगळी सातारा डेपोला. रिटायर होऊन १२ वर्षं झाली पण त्यांचा डावा पाय अजून ड्यूटीवर आहे. माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि इंजिनचा आवाज जरा चढला की ह्यांचा पाय आपोआप खालच्या मॅटवर दाबला जातो, वर येतो, परत दाबला जातो. दोनदा. कारण अण्णा ज्या गाड्यांवर शिकले त्यात गिअर एका क्लचमध्ये पडायचाच नाही, डबल क्लच मारायला लागायचा. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, गिअर कमी करायचा असेल तर मधेच रेस द्या, परत क्लच दाबा आणि मग गिअर टाका. हे सगळं पसरणी घाटात, वाईवरून पाचगणीला चढताना, भरलेल्या गाडीत. माझी गाडी ऑटोमॅटिक. क्लचचं पेडल माझ्याच पायाखाली नाही तर त्यांच्या कुठून असणार. अण्णांना हे माहिती आहे, पायाला माहिती नाही एवढंच.

गाडी म्हणजे माझी चाळिशीतली हौस. लोक ह्या वयात मॅरेथॉन पळतात, ट्रेक करतात, मी सेकंड हँड टर्बो पेट्रोल सेदान घेतली. नाव सांगत नाही, उगाच कुणाशी वाद नको. दिसायला अगदी सभ्य, बँक मॅनेजरची वाटावी अशी, पण पाय दाबला की मानेला झटका बसतो. ५८ हजार किलोमीटर झालेली, आधीचा मालक घाईत होता, मीपण घाईत होतो. टेस्ट ड्राइव्हला बायपासवर एकदा जोरात दाबली आणि तिथेच विकला गेलो. म्हणजे गाडी त्याने विकली पण विकला गेलो मी.

तर ह्या गाडीत गिअरबॉक्स आहे ड्युअल क्लच. अण्णांना पहिल्यांदा सांगितलं, "ह्यात दोन क्लच आहेत," तर म्हणाले, "मग डबल क्लचच की, त्यात नवीन काय?" म्हटलं, तसं नाही अण्णा, ते एकच क्लच दोनदा दाबणं झालं. ह्यात खरोखरचे दोन आहेत. एका क्लचकडे एक, तीन, पाच, सात हे गिअर, दुसऱ्याकडे दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. गाडी दुसऱ्यात पळत असते तेव्हाच तिसरा आत लावून तयार असतो, मग एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो, मधे ओढ तुटत नाही. अण्णांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे एक ड्रायव्हर चालवतोय तोवर दुसरा हातपाय धुऊन शेजारी तयार." इतक्या वर्षांत इतक्या व्हिडिओंमधून मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

ही कल्पना तशी जुनी आहे. आडोल्फ केग्रेस नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर होता, रशियाच्या झारच्या मोटारींच्या गॅरेजात कामाला. बर्फात गाड्या चालाव्यात म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवले, पुढे लेनिनच्या रोल्सरॉइसलासुद्धा तेच पट्टे लागले. त्याने १९३०च्या दशकात दोन क्लचच्या गिअरबॉक्सचा विचार मांडला पण तो काही बाजारात आला नाही. १९८०च्या दशकात पोर्शेने रेसच्या गाड्यांत वापरून बघितला आणि साध्या रस्त्यावरच्या गाडीत, म्हणजे शोरूममधून विकत घेता येईल अशा गाडीत, तो आला थेट २००३ला, फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२मध्ये. हे अण्णांना सांगितलं तर त्यांना फक्त झारच्या गॅरेजात इंटरेस्ट. "झारच्या ड्रायव्हरला पेन्शन होती का रे?"

असो. त्रास सुरू झाला चांदणी चौकात. मे महिना, संध्याकाळचे सात, हिंजवडीवरून घरी कोथरूडला येत होतो, गाड्या मुंगीच्या चालीने. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडीला हुडहुडी भरल्यासारखं झालं. खड्डा म्हणावा तर खड्डा नाही, इंजिन मिसिंग म्हणावं तर तसंही नाही, खालून कुठूनतरी थरथर थरथर आणि मग एकदम सगळं शांत. मी काय केलं असेल? गाण्याचा आवाज वाढवला. खरंच सांगतो, गाडीचा आजार लपवायला माझ्याइतकी मेहनत डीलरसुद्धा घेत नसेल. पुढचे दोन महिने मी जॅममध्ये शिरलो की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जायचा आणि घरी बायको म्हणायची एवढा घसा बसेपर्यंत गाडीत कुणाशी बोलतोस, तर म्हटलं गाणी म्हणतो.

फसवता आलं नाही ते फक्त अण्णांच्या पायाला. ते साताऱ्याहून आले होते, त्यांना डॉक्टरकडे नेत होतो. एरवी त्यांचा पाय आणि गाडीचा गिअर साधारण एकदमच पडायचे, मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी पाय दाबला गेला, वर आला, आणि गाडी अजून विचारच करतेय. मग धक्का देऊन दुसरा पडला. पुढच्या सिग्नलला परत तेच. अण्णांनी काही न बोलता रेडिओ बंद केला आणि मान जरा खाली करून ऐकायला लागले, डॉक्टर छातीला नळी लावतात तसं.

"क्लच घसरतोय."

"अण्णा, ह्याच्यात ते सगळं कॉम्प्युटर बघतो."

"बघंना का. घसरतोय."

घसरतच होता. त्याचं कारण कळलं तेव्हा मला ह्या गाडीची दयाच आली. साध्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे तेलात समोरासमोर बसवलेले दोन पंखे समजा, एक फिरला की तेलाच्या जोराने दुसरा फिरतो. जॅममध्ये गाडी इंचाइंचाने सरकवली तरी घासायचं ते तेल घासतं, तेलाला काय होणार, गरम होतं आणि थंड होतं. माझ्या गाडीत तिथे सुक्या क्लच प्लेटा. ब्रेक सोडला की गाडी हळूच पुढे सरकते ना, ती त्या प्लेटा अर्धवट घासूनच सरकते. आपण ड्रायव्हिंग शिकताना हाफ क्लचवर जरा रेंगाळलो की शिकवणारा ओरडायचा, क्लच जाळतो का म्हणून. ही बिचारी रोज चांदणी चौक ते घर तेच करते आणि ओरडायला कुणी नाही.

मग एका रविवारी सकाळी ते झालं. सोसायटीत माझं पार्किंग पिलरच्या पलीकडे, नाक भिंतीला लावून उभी करायची आणि निघताना मागे घ्यायची. रिव्हर्स टाकला. काही नाही. डिस्प्लेवर पी, आर, एन, डी सगळी अक्षरं एकदम लुकलुकायला लागली आणि मेसेज आला की रिव्हर्स उपलब्ध नाही. उपलब्ध नाही! हॉटेलात थालीपीठ उपलब्ध नसतं तसं. दुसऱ्या बाजूच्या क्लचने हात वर केले होते, आणि त्याच्याबरोबर दोन, चार, सहा आणि रिव्हर्स चौघंही संपावर. पहिला चालू, तिसरा चालू, पण पुढे भिंत. शेवटी वॉचमन काका, वरच्या मजल्यावरचे दोन कॉलेजचे पोरगे आणि दुधाची पिशवी हातात घेतलेला मी, असे चौघांनी मिळून ती तेराशे किलोची परफॉर्मन्स कार मागे ढकलली. पोरांतला एक म्हणाला, "काका, ह्याचा झीरो टू हंड्रेड किती?"

मोठ्या सर्व्हिस सेंटरला एसी वेटिंग रूम होती, कॉफी होती, आणि कॉफी पिताना हातात ठेवलेल्या एस्टिमेटवर दीड लाखाच्या वरचा आकडा होता. आख्खं मेकॅट्रॉनिक बदला म्हणाले. मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात एकत्र, आत कॉम्प्युटर, तेलाचा पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर सगळं. मी विचारलं, क्लच उघडून बघितला का? तर म्हणाले, सर, आधी हे बदलू, मग गरज पडली तर क्लच बघू. हे मला दात दुखतोय तर आधी जबडा बदलू म्हटल्यासारखं वाटलं.

मित्राने एका मिस्त्रीकडे पाठवलं, फक्त असलेच गिअरबॉक्स करतो. पत्र्याची शेड, पण टेबलावर फडकं अंथरलेलं आणि त्यावर हत्यारं ओळीत. त्याने आधी गाडीला हातच लावला नाही, लॅपटॉप लावला आणि दहा मिनिटं नुसते आकडे बघत बसला. मग विचारलं, "साहेब, ह्याला स्टेज वन तुम्ही केलंय का आधीच्याने?"

मला काही कळेना. तर आधीच्या मालकाने इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं होतं, रिमॅप. टर्बोचा दाब वाढवायचा, पेट्रोल वाढवायचं, आणि एक स्क्रूसुद्धा न बदलता ताकद वाढते. ह्या सुक्या क्लचच्या गिअरबॉक्सची कुवत साधारण २५० न्यूटन मीटर टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराची, तेलात बुडालेले क्लच असतात त्यांना जास्त झेपतं. माझ्या इंजिनातून त्याच्या बरंच वर येत होतं. म्हणजे टेस्ट ड्राइव्हला ज्या झटक्यावर मी भाळलो तोच झटका रोज थोडा थोडा क्लच खात होता. मी आधीच्या मालकाला मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहिता येत नाही, पण खरं सांगायचं तर दोन वर्षं त्या झटक्याची मजा मीच मारली होती, प्रत्येक पाहुण्याला बायपासवर नेऊन.

संध्याकाळी अण्णांना फोन केला. रिमॅप, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टर्बो बूस्ट, सगळं समजावलं. ते म्हणाले, "पंप वाढवलाय म्हण की सरळ."

आमच्याकडे ट्रॅक्टरवाले डिझेलचा पंप वाढवून आणतात, उसाची एक ट्रॉली जास्त ओढावी म्हणून. "आणि पंप वाढवला की पहिलं काय जातं?"

"काय?"

"क्लच प्लेट. आता शिकलास तू दीड लाखाचं."

तसं दीड लाख गेले नाहीत, निम्म्याच्या आसपास निभावलं. मिस्त्रीने जुना क्लच काढून हातात दिला, चांगला जड, मोठ्या जेवणाच्या ताटाएवढा. एका बाजूची प्लेट ठीक होती. दुसऱ्या बाजूची घासून गुळगुळीत, लोखंडावर निळेजांभळे डाग, पेट्रोल सांडल्यावर पाण्यावर रंग दिसतात तसे, आणि नाकाजवळ नेला तर जळका वास, घाट उतरून आलेल्या ट्रकच्या मागे येतो तो. नवीन क्लच बसवताना तो मापाच्या पातळ चकत्या घालून बघत होता, एक घातली, मोजलं, काढली, दुसरी घातली. घाई नाही. मी दोनदा विचारलं किती वेळ, तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.

मला सगळ्यात आवडला तो शेवटचा भाग. सगळं बसवून झाल्यावर गाडीला परत शिकवावं लागतं, अडॅप्टेशन म्हणतात. नवीन क्लच कुठे पकडतो, किती दाबल्यावर पकडतो हे गिअरबॉक्स स्वतः चाचपून बघतो. इंजिन चालू, गाडी जागेवर, आत कुणी नाही, आणि गाडी आपली आपणच गिअर टाकतेय. टक. मग शांतता. मग टक टक. लांब कुठेतरी कडी लावल्यासारखा एक आवाज. अंधारात माणूस घरातली बटणं चाचपतो ना, तसं चाललं होतं. मिस्त्री चहा पीत उभा, मधेच मला गप्प बसायची खूण केली, ऐकलं आणि मान हलवली. त्याला बघून मला अण्णांची डॉक्टरकडे जातानाची मान आठवली. कॉम्प्युटर लावलाय तरी शेवटी कानानेच बघतात हे लोक.

रिमॅप काढून टाकला. गाडी आता पूर्वीसारखी मानेला झटका देत नाही. तेलातला मोठा क्लच बसवता येईल का असं मी हळूच विचारलं होतं, मिस्त्री म्हणाला, "येईल की, त्याला दुसरा गिअरबॉक्स लागतो, आणि त्याला दुसरी गाडी." निघताना एवढंच सांगितलं की जॅममध्ये पुढच्याच्या बंपरला चिकटून इंच इंच सरकू नका, गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे घ्या, आणि उभं राहायचं तर ब्रेक पूर्ण दाबून राहा, अर्धवट नको. चांदणी चौकात गाडीभर जागा सोडायची म्हणजे त्यात दोन रिक्षा आणि एक स्कूटर सोडणं, पण सोडतो आता. मागचे हॉर्न वाजवतात.

मागच्या महिन्यात अण्णांना साताऱ्याला सोडायला निघालो. खंबाटकी घाट चढताना त्यांचा पाय बघत होतो, रस्ता बघायचा सोडून. समोर उसाचा ट्रक, गाडीने चौथ्यातून तिसरा टाकला, अण्णांचा पाय दाबला गेला, वर आला, दाबला गेला. तिसऱ्याच्या बरोबर. पुढच्या वळणाला दुसरा, तिथेही बरोबर. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते, मोडक्या कठड्याकडे बोट करून म्हणाले इथे ८९ साली माझा टायर फुटला होता.

परत येताना खेड शिवापूरच्या टोलला रांग. ऊन, दोन लेन बंद, पाऊण तास मुंगीची चाल. म्हणजे हो, अण्णा परत माझ्याबरोबरच आले, घरी गेल्यावर त्यांना आठवलं की चष्मा पुण्यातच राहिला. सगळी जागा सोडून, ब्रेक पूर्ण दाबून, सांगितल्याप्रमाणे चालवत होतो, तरी चाळिसाव्या मिनिटाला कुठेतरी पहिल्या-दुसऱ्याच्या मधे एक बारीकशी थरथर आली. अगदी बारीक, भास म्हणून सोडून देता येईल एवढी. माझा हात व्हॉल्यूमकडे गेला.

अण्णांनी हात पुढे करून आवाज कमी केला.