अर्धी गोळी

भातकापणीचे दिवस होते. ओपीडी आटोपून हात धूत होते, तेवढ्यात आशाताई मोटारसायकलवरून उतरल्या. मागे कातकरी वाडीतला एक बाप, कडेवर सहा वर्षांचा पोरगा. "मॅडम, भाऱ्याखाली विंचू होता. लाल."

पोराला दरदरून घाम, दोन उलट्या झालेल्या. मी पाय धरला. ऑक्टोबरच्या उकाड्यात पाऊल गारढोण. नुसतं ठणकत असतं तर मी निर्धास्त राहिले असते. लाल विंचवाचं विष भिनलं की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकून फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी कोकणात अशी मुलं रात्रीतून जायची. याच रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी यावर लागू पडते हे दाखवून दिलं. आमच्यासारख्याच खाटांवर!

वजन भरलं 16 किलो, वयाच्या मानाने कमीच. किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीतली अर्धी. सिस्टरांनी ती कागदावर ब्लेडने कापली, पाण्यात विरघळवून पाजली. तालुक्याचं रुग्णालय तासाभरावर. तो तास या पोराला झेपला असता का, सांगता येत नाही. म्हणून कपाटातली ती पट्टी मी कधी संपू देत नाही.

मागून आई धावत आली. या गोळीनंतर पेशंटला उठवायचं नसतं, दाब एकदम उतरतो. पोर हात पसरून रडत होतं आणि मला तिला अडवावं लागलं, "बाय, उचलू नको. पायाशी बस. पाय गरम लागला की मला हाक मार." तिने दोन्ही हातांत पाऊल धरलं ते सोडलंच नाही.

बाप दारात उभा. वीटभट्टीची उचल मुठीत घट्ट. "किती द्यायचं?" 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

पावणेदहाला दुसरी अर्धी गोळी. छातीला स्टेथोस्कोप लावून मी पुन्हा पुन्हा ऐकत होते. खरखर आली असती तर लगेच 108 ने हलवायचं होतं. नाही आली.

रात्री साडेबाराला आईची हाक आली. "डाक्टरीणबाय, पाय बघा."

मी दुसरा पाय चाचपला. तोही कोमट होता.