ताईचा रिपोर्ट
आज ताईला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. हिमोग्लोबिन 7.8! निदान 12 तरी हवं. जिना चढताना ती कठड्याला धरून थांबायची आणि आम्ही म्हणायचो, दमली असेल. पाळी 8-9 दिवस, दर दीड तासाला पॅड बदलायचं, रक्ताच्या गाठी पडायच्या. वर्षभर तिनं कुणाला सांगितलंच नाही. फार वाईट वाटलं.

सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयात वाढलेली गाठ, दिसला. या गाठी जवळजवळ कधीच कॅन्सरच्या नसतात आणि प्रत्येक वेळी गर्भाशय काढावं लागत नाही, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आधी रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या आणि लोह. हिमोग्लोबिन वाढल्यावरही लोह आणखी 3 महिने घ्यायचं, शरीरातला साठा भरेपर्यंत.

बाहेर आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. "अगं, मला वाटायचं सगळ्यांनाच असं होतं."