ड्रोन, जिनिंग अन् उन्हाची एक तिरीप

शुक्रवार, रात्र. लाईट नाही, म्हणून लिहीत बसलोय.

भाच्याचं गाणं आलं एकदाचं यूट्यूबवर. दुपारी लिंक टाकून खाली लिहिलेलं, "मामा पूर्ण बघा, पुढं ढकलू नका, अन् खरंखरं सांगा." आता खरंखरं सांगा म्हणणाऱ्याला खरं सांगायचं म्हणजे काय जोखीम असते ते घरातल्या माणसालाच ठाऊक.

गाण्याची गोष्ट चांगली आहे, आपल्या सेलूतलीच वाटावी अशी. पोरगा जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, टेम्पोवर, पोरगी तिथंच वजनकाट्यावर पावत्या लिहिणारी, तिचं लग्न पुण्यात ठरतं, ती जाते, हा राहतो. चालही बरीय. पण दिसतं काय तर पहिल्या सेकंदापासून ड्रोन. दुधना धरणाची भिंत वरून, मग कुणाचं तरी शेत वरून, मग एका फार्महाऊसचा स्विमिंग पूल, तोही वरूनच. अरे बाबा टेम्पोवाल्या पोराच्या दुःखात स्विमिंग पूल कुठून आला? अन् सगळं स्लो मोशन. १२० फ्रेमनं शूट करून २४ वर चालवलं की पाचपट संथ होतं, ते त्याला नवीन कॅमेऱ्यात सापडलंय, मग काय, ओढणी संथ, केस संथ, टेम्पोचं दार उघडणं संथ, चहाचा घोट संथ. सगळंच संथ केल्यावर बघणाऱ्यानं नेमकं कुठं थबकायचं?

तोंडावर काय सांगावं सुचेना, म्हणून जुनं एक गाणं लावलं. 'कागज के फूल'मधलं 'वक्त ने किया'. १९५९ चं. कैफी आझमींचे शब्द, एस. डी. बर्मन यांचं संगीत, गीता दत्तचा आवाज, अन् कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. गाणं हजारदा ऐकलंय माझ्या पिढीनं रेडिओवर, पण आज आवाज बारीक करून नुसतं बघत बसलो, तेव्हा लक्षात यायला लागलं की इथं घडत काहीच नाही. रिकामा स्टुडिओ. गुरुदत्त एकीकडं उभा, वहिदा एकीकडं उभी. दोघंही गात नाहीत, ओठ मिटलेले, गाणं वरून कुठूनतरी येतंय. वरून उन्हाचा एक जाडजूड तिरपा झोत जमिनीवर पडलाय अन् बाकी अंधार.

अन् हलतो कोण, तर कॅमेरा. हे दोघं एकमेकांकडं जाऊ शकत नाहीत, तो लग्न झालेला माणूस, तिला ते माहीत. मग कॅमेराच हळूहळू तिच्या चेहऱ्याजवळ जातो, परत मागं येतो, त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. पात्रांना जे करता येत नाही ते कॅमेरा करतो, एवढंच. नंतर त्यांची धूसर रूपं अंगातून निघून त्या झोतात जाऊन भेटतात अन् खरी माणसं मात्र जागच्या जागी. आज ही करामत मोबाईलच्या ॲपात होते, पण ती करावी कधी हे ॲप सांगत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याची रुंदी. सिनेमास्कोपमधला हा आपल्याकडचा पहिला सिनेमा, म्हणजे उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद चौकट. एवढी रुंदी मिळाल्यावर दुसऱ्या कुणी दरबार, हत्ती, फौजा भरल्या असत्या. ह्यांनी दोन टोकांना दोन माणसं ठेवली अन् मधे रिकामी जमीन ठेवली. ती मधली जमीनच सगळं बोलते. भाच्याचं गाणं उभं, रीलच्या मापाचं, ९ बाय १६. त्यात दोन माणसं उभी केली की खांद्याला खांदा लागतो, मग त्यांच्यात अंतर पडलंय हे दाखवणार कुठं? म्हणून मग बिचारा ड्रोन वर नेतो.

त्या झोताचं तर कौतुक करावं तेवढं कमी. लाईट लावून तसं ऊन होईना, म्हणून मूर्तींनी बाहेर उन्हात एक मोठा आरसा लावला, त्याचं ऊन आतल्या उंचावरच्या दुसऱ्या आरशावर घेतलं अन् तिथून खाली सोडलं. खरं ऊन, फक्त वळवून आणलेलं. सिनेमा साफ पडला, गुरुदत्तनं पुढं दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कुठल्याच सिनेमाला लावलं नाही, अन् मूर्तींना २००८ चा फाळके पुरस्कार मिळाला, कॅमेरामनला तो मिळायची ती पहिलीच वेळ.

ही आरशाची युक्ती वाचली तेव्हा मला वेरूळ आठवलं होतं. शाळेच्या सहलीत लेणीच्या बाहेर एक माणूस चकचकीत पत्रा घेऊन उन्हात उभा होता अन् पत्रा जरा कलता केला की आतला काळाकुट्ट दगड एकदम जागा व्हायचा, नाक, ओठ, बोटं एकेक करून वर यायची. आम्ही पोरं मूर्ती सोडून त्या पत्र्याकडंच बघत होतो. दहा नंबरच्या लेणीला तर पत्राही लागत नाही, तोंड पश्चिमेला, मार्चमध्ये संध्याकाळचं ऊन वरच्या खिडकीतून थेट आतल्या बुद्धावर जातं. आपल्या भागातल्या माणसाला उजेडाची ही कामं नवीन नाहीत. माळवदाच्या साण्यातून, म्हणजे मातीच्या छताला ठेवलेल्या झरोक्यातून, चुलीच्या धुरात उतरणारा उन्हाचा खांब ज्यानं बघितलाय त्याला झोत काय असतो ते वेगळं शिकवावं लागत नाही, अन् धूळ किंवा धूर असल्याशिवाय तो दिसत नाही हेही.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. म्हणलं, "तुझी पोरगी पावत्या कुठं लिहिते?"

"जिनिंगमधी."

"मग जिनिंग कुठंय गाण्यात?"

"मामा, जिनिंगमधी काय दाखवू? नुसते पत्रे अन् मशिनी. लोकाला लोकेशन लागतंय."

हेच तर. कागज के फूलमधला स्टुडिओ काय देखणा आहे का? पण गोष्टीतला तो दिग्दर्शक, ती नटी, दोघांची भेट, काम, भांडण सगळं त्याच जागेत झालेलं, म्हणून ती रिकामी दिसली की पोटात कालवतं. फार्महाऊसचा पूल रिकामा असला काय अन् भरलेला असला काय, आपलं काय जातंय. जिनिंग मात्र आत्ता मे महिन्यात बघ म्हणलं. सीझन संपलाय, मोंढ्याकडून येणाऱ्या गाड्यांची रांग नाही, हमाल गावाकडं गेलेत, सरकीचा ढीग उचललाय, काट्यावर कुत्रं झोपलंय. शेडमध्ये कोपऱ्याकोपऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले, वाऱ्यानं जरा हलले की हवेत तरंगत राहतात, त्यात ऊन शिरलं की पुढं काय बोलायचं.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा मी तर फुल अंधार दाखवायचा म्हणलो तर लाईट लागतील, हॅलोजन."

तिथं हॅलोजन कोण लावू देणार, शेडभर कापसाचा भुगा, बिडीकाडी बंदचे बोर्ड भिंतीभिंतीवर, एक ठिणगी पडली की गेलं सगळं. मालक ओळखीचे आहेत, फोन केला तर हसले अन् म्हणाले या की, पण वायर नको, जनरेटर नको, कुणी सिगरेट ओढणारा पोरगा तर अजिबातच नको. मग उरलं काय? आरसा. गेट पश्चिमेला उघडतं, चारनंतर ऊन सरळ येतंय, बाहेर अंगणात आरसा धरायचा, दुसरा आत कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसच्या वरच्या जिन्यावर बांधायचा. ऊन सरकत राहतं, म्हणजे आरसा सारखा फिरवत राहावं लागेल अन् शॉट चार-पाच मिनिटांत उरकावा लागेल, तोही कॅमेरा आडवा धरून. आडवा म्हणल्यावर भाच्याचा जीव खालीवर झाला, रील कसं करू म्हणे. रील कर नंतर, कडा कापून.

ड्रोन अजिबातच नको का, असं दोनतीनदा विचारून झालं. पत्र्याच्या शेडात ड्रोन उडवून बघ म्हणलं, पंख्याच्या वाऱ्यानं सगळा कापूस अंगावर येईल.

आरसा बायकोच्या ड्रेसिंग टेबलाचा मागितलाय. ती म्हणाली फुटला तर तुमच्या भाच्याकडून नवीन घेईन. वरचा आरसा दोरीनं बांधता येईल, खालचा मात्र उन्हात उभं राहून माणसानंच धरायला लागणार, अन् भाचा म्हणतोय, "ते तुम्हीच करा मामा, तुम्हाला जमतंय." परभणीचं ऊन ४२ वर गेलंय. धरतो, पण टोपी अन् पाण्याचा जार तू आण म्हणलं.