प्रचाराची ईमेल यादी विकत घेऊ नका

"अख्ख्या सोलापूरच्या मतदारांचे ईमेल" म्हणून कुणी एक्सेल शीट विकायला आणली, तर दारातूनच परत पाठवा. मतदार यादीत नाव, वय, घर क्रमांक असतो, ईमेल नसतोच. म्हणजे ते पत्ते दुसऱ्याच कामासाठी गोळा केलेले, त्यातले कितीतरी बंद पडलेले. अशा यादीवर मेल टाकलं की ढिगाने परत येतं, लोक स्पॅम म्हणून कळवतात, आणि मग आपल्या कार्यकर्त्यांनाही आपलं मेल मिळेनासं होतं.

यादी माणसागणिक जमते. जुळे सोलापूरच्या सोसायट्या, पूर्व भागातल्या कोपरा सभा, सगळीकडे छोटा फॉर्म न्या: नाव, ईमेल, प्रभाग, पेठ किंवा नगर, आणि मजकूर मराठीत हवा की तेलुगूत. शेवटचा रकाना गाळू नका, पूर्व भागात तोच कामाला येतो. ईमेलसाठी एका अक्षराला एक चौकट आखा. हाताने लिहिलेला १ चा इंग्रजी आकडा आणि एल सारखेच दिसतात, अंडरस्कोअर रेघेत बुडतो. फॉर्मवरची माहिती त्याच रात्री संगणकात भरून खात्रीचं मेल पाठवा. त्यातली लिंक दाबेल तोच यादीत.

साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० च्या पुढे जाता येत नाही, म्हणून स्वतःचं डोमेन (ईमेलमध्ये @ च्या पुढे येणारं नाव) घ्या आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या सेटिंग, तिन्ही लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं आहे. शिवाय एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत. हजारात तीन जण वैतागले की संपलं! नवं डोमेन पहिल्या दिवशी पन्नास-शंभर मेलवरच चालवा, मग दोन-तीन आठवड्यांत वाढवा. आचारसंहिता लागल्यावर डोमेन घेणाऱ्याला हा वेळच मिळत नाही.

मजकूर अक्षरांत लिहा. नुसतं पोस्टर चिकटवलं आणि फोटो उघडलाच नाही, तर वाचणाऱ्यापुढे कोरी जागा. १०२ केबीच्या पुढचा मजकूर जीमेल कापतं, आणि नाव काढायची लिंक नेमकी तळाशी असते. विषयात "आदरणीय मतदार बंधू-भगिनींनो" नको. "तुमच्या नगरात पाणी कधी, झोन ऑफिसला काय विचारायचं" असं लिहा.

विधानसभा-लोकसभेला मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचारबंदी असते. आधी वेळ लावून ठेवलेली मेल तेव्हा आपोआप सुटू शकतात, ती हाताने बंद करा. पुण्यात नोकरीला असलेल्या मतदारांना मात्र तारीख जाहीर होईल त्याच दिवशी कळवा, म्हणजे हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट वेळेत काढता येईल.